मधोमध कुणी उभं राहायचं नाही

७ जानेवारी १९४६, रहिमतपूर

आजपासून मी फोटोग्राफर.

मामेभाऊ कृष्णात लढाई संपवून इटलीहून परत आला. कुंडलला घरी जायच्या आधी आमच्याकडं उतरला आणि ट्रंकेतून घडीचा कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. सोबत काही रोल आणि एक इंग्रजी पुस्तक. म्हणाला, लाला, मला ह्यातलं कायबी कळत न्हाई, तुला घे. वस्तू योग्य हातात पडली.

पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून माझं काही अडत नाही. मॅट्रिकला मी इंग्रजीत गेलो तो पेपर तपासणाऱ्याच्या गडबडीमुळं.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. लग्न करीन तर नाथाजी सुभेदारांच्या अंजनाशी. तिला अजून सांगितलेलं नाही. सुभेदारांनाही नाही. पण मागे एकदा ते चावडीपुढं बोलले होते की पोरगी देईन ती हातात कायतरी कसब असलेल्याला, बांधावर हुबा ऱ्हाऊन नुसतं उसाकडं बगनाऱ्याला न्हाई. तेव्हा मी बांधावरच उभा होतो. आता कसब आलं.

९ जानेवारी

पुस्तकाची आठ पानं झाली. डोकं गरगरतंय. आनंदानं.

मुख्य गोष्ट कॉम्पोझिशन. चौकटीचे उभे तीन भाग पाडायचे. मुख्य माणूस डाव्या रेघेवर नाहीतर उजव्या रेघेवर. मधोमध कुणी उभं राहायचं नाही. मधोमध उभं करतात ते अडाणी. म्हणजे सगळा सातारा जिल्हा आजवर अडाणीपणे फोटो काढून घेत आलाय आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, देव्हाऱ्यात खंडोबा मधी बसलाय, त्येला बी सरकवतोस का?

संध्याकाळी देव्हारा नीट बघितला. डावीकडं खरंच बरा दिसेल.

१० जानेवारी

खंडोबा सरकवला. दुपारी परत मधोमध. जेवण मला उशिरा मिळालं.

१४ जानेवारी, संक्रांत

पहिला फोटो! अख्ख्या घराचा!

ज्ञानूमामा, म्हणजे आईचा भाऊ आणि कृष्णातचा बाप, कुंडलहून नवा फेटा बांधून आला होता. मिशीला तेल. आमच्या कॅमेऱ्याचा फाइंडर पोटाशी धरून वरून बघायचा असतो, आणि त्यात डावं ते उजवं दिसतं. हे मला आज कळलं. मामाला डावीकडं सर म्हणालो की तो फाइंडरमध्ये उजवीकडं जायचा. मग मी पुन्हा सर म्हणायचो. असं सरकत सरकत सगळं घराणं गोठ्याला टेकलं. मामा म्हणाला, गोड बोलायचा सन हाय म्हून गप हाय, दाब आता काय दाबायचं त्ये.

दाबलं. एक तृतीयांश घराणं, दोन तृतीयांश उकिरडा आणि म्हैस. बॅलन्स उत्तम.

सुभेदारांची अंजना तिळगूळ घेऊन आली होती. मला दिला. कृष्णातला दोनदा दिला. पाहुण्याचा मान ठेवते, हा गुण.

मामा परत गेला, कृष्णात राहिला. म्हणाला, ऱ्हातो चार दिस, लालाला मदत व्हईल. कला माणसाला कशी ओढते बघा.

२१ जानेवारी

गुळाच्या ढेपांची खोली अंधारी आहे, तिथं डार्करूम केली. कंदिलाला लाल कागद. फिल्म धुवायला आईची परात. प्रिंट काढून दोरीवर वाळत घातले आणि मुंग्या चढल्या. प्रिंटवर बारीक बारीक ठिपके आलेत. कृष्णात म्हणाला, देवी आल्यागत दिसतंया. मी म्हणालो, याला टेक्श्चर म्हणतात.

म्हैस अतिशय सुरेख आलीय. माणसं थोडी हललीत.

आता एडिटिंग. पुस्तक म्हणतं, नको ते निर्दयपणे काढून टाका. कात्री घेतली. आधी उकिरडा काढला. मग घराणं मधोमध येऊन बसलं, म्हणजे नियम मोडला. मग उजवीकडून माणसं कमी करत गेलो. दोन चुलत्या गेल्या. मामा गेला. मामाचं कोपर तेवढं राहिलं, ते मुद्दाम ठेवलं. कडेला असं काहीतरी असलं की चित्राला आधार येतो.

कापलेल्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. फोटोचा कागद हल्ली मिळत नाही, टाकून द्यायला जीव होत नाही.

३० जानेवारी

मामा आला. फोटो बघितला. उलटून मागची बाजू बघितली. मग विचारलं, मी कुठं हाय? मी कोपर दाखवलं. मामा म्हणाला, आरं, नवा फेटा बांधून कुंडलवरनं आलो त्यो कोपार दावायला व्हय रं?

आधाराची कल्पना समजावली. समजली नाही. जेवला पण माझ्याशी बोलला नाही. कुंडलमध्ये कलेचं वातावरण नाही, त्याला तो काय करणार.

६ फेब्रुवारी

आमचं गुऱ्हाळ लागलंय. आईनं सकाळी काहिलीपाशी बसवलं होतं. रस उकळत होता, वाफ वर जात होती, त्यात तिरपं ऊन. असं लाईट वर्षातून एकदा मिळतं. डाव्या रेघेवर रस ढवळणारा गुळव्या घेतला, त्याला म्हणालो की हलू नको. तो हलला नाही. मी एक्सपोजर ठरवत होतो. तो तरीही हलला नाही.

काहील करपली.

आई जे बोलली ते इथं लिहीत नाही. गुळव्याचं म्हणणं, मालकानं हलू नगं म्हटल्यावर मी कसा हलनार. हा माणूस मॉडेल म्हणून फार चांगला आहे. फोटोत वाफेशिवाय काही आलं नाही, पण वाफ रेघेवर आलीय.

१५ फेब्रुवारी

आज काय झालं!

गावानं ठरवलं की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नाथाजी सुभेदारांचा सत्कार करायचा. लढाईत नाव काढून आले म्हणून. शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो लावायचा, कायमचा. कुणीतरी म्हणालं की सांगलीचा आप्पासो फोटोग्राफर बोलवावा. मी उभा राहिलो. म्हणालो, रहिमतपुरात फोटोग्राफर असताना सांगलीकडं बघायचं कारण काय? लोक इकडंतिकडं बघायला लागले. कृष्णात म्हणाला, लाला काढंल की. सुभेदारांनी कृष्णातकडं बघून मान डोलावली.

सगळं जुळून आलंय. फोटो लागेल. सुभेदार खूश होऊन विचारतील, लालासाहेब, काय देऊ तुमाला? मी खाली बघीन. आई दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन त्यांच्या घरी जाईल. मे महिन्यात लग्न. एक फोटो नीट निघाला की संसार उभा.

१८ फेब्रुवारी

सुभेदारांच्या घरी पहिली बैठक. कृष्णात मदतनीस. त्याच्या हातात पांढरं धोतर ताणून दिलं, उजेड तोंडावर परतवायला. मदतनीस असाच हवा. साधा, समजूतदार, स्वतःचं डोकं न चालवणारा.

सुभेदार युनिफॉर्म चढवून आले. छातीवर मेडलांची रांग. त्यांनी आधी मेडलांवर व्याख्यान दिलं. आपली मेडलं डाव्या छातीवर. बाप मेला आसला आन त्येची लावायची आसली तर ती उजव्या छातीवर. त्यांचे वडील पहिल्या लढाईत बसऱ्याला होते, त्यांची ते वर्षातून एकदा उजवीकडं लावतात. कृष्णात धोतर खाली ठेवून ऐकत बसला. मधूनमधून जी सुभेदारसाब म्हणत होता. ऊन सरकून चाललं होतं. कोणतं मेडल कोणत्या अंगाला याच्याशी कलावंताला काय करायचंय? डोळे मिटून हो हो म्हणालो.

अंजना चहा घेऊन आली. मी फाइंडरमध्ये बघत मागं सरकत होतो, तो पाठीमागच्या कोंबड्यांच्या डालग्यात बसलो. ती इतकी हसली की कप कृष्णातला धरावा लागला. हसू मोकळं आहे. माझ्यापुढं ती संकोचत नाही हे दिसलं.

२२ फेब्रुवारी

दुसरी बैठक. अंजनानं मला विचारलं, तुमचं आनि किती दिस चालनार हाय? ओढ लागल्याशिवाय माणूस असं विचारत नाही. मी म्हणालो की पाडव्यापर्यंत. ती आत गेली. आत कृष्णात पाणी प्यायला गेला होता. त्याला तहान फार लागते. इटलीच्या हवेमुळं असेल.

आज अंजनाचाही एक फोटो घेतला, लाईट टेस्ट म्हणून. दारात, उजव्या रेघेवर.

२६ फेब्रुवारी

अंजनाचा फोटो धुतला. मुंग्या आल्या नाहीत, आता माझा हात बसलाय. काय आलाय फोटो! हसतेय. नजर कॅमेऱ्याकडं नाही, जरा बाजूला. पुस्तक याला नॅचरल एक्स्प्रेशन म्हणतं. मुद्दाम सांगूनही येत नाही.

डाव्या कडेला धोतर धरलेला कृष्णात आला होता. तोही नको तिकडं बघत होता. सांगून सांगून थकलो की लेन्सकडं बघ. कापला. पट्टी डब्यात.

कृष्णात म्हणाला, लाला, तुला येक सांगायचं हाय. मी म्हणालो, उन्हं उतरली की सांग. उतरल्यावर तो गुऱ्हाळावर गेला होता. गुळव्या सांगत होता की ह्यो पावना गडी चांगला कामाचा हाय. बरं झालं, मला वाचायला वेळ मिळाला.

५ मार्च

चौथी बैठक. आज सुभेदार बरोबर बसले. डाव्या रेघेवर, ताठ, मान किंचित वळवून. दाबलं आणि आतून कळलं, हाच.

त्या आनंदात कृष्णातला बाजूला घेऊन मनातलं सांगून टाकलं. अंजना, लग्न, सगळं. म्हणालो, तुझं आणि सुभेदारांचं जमतं, माझ्याबद्दल दोन शब्द टाक. तो लाल झाला. मग पांढरा झाला. म्हणाला, लाला, मला बी तुला तेच... मी त्याला मिठी मारली. त्याला आधीच कळलं होतं! भाऊ असावा तर असा. तो आणखी काही बोलत होता, पण ऊन नेमकं खांबावर आलं होतं, खांबाचा फोटो घ्यावा लागला.

११ मार्च

संकटं. एक, सुभेदार डावीकडं बघतायत. पुस्तक स्पष्ट म्हणतं, वाचताना नजर डावीकडून उजवीकडं जाते, म्हणून चेहरा उजवीकडं वळलेला हवा. दोन, मागं जे दोन तृतीयांश मोकळं ठेवलं होतं ते मोकळं नाही. मागं स्वयंपाकघराचं दार आहे, दारात अंजना, आणि तिच्याशी बोलत कृष्णात. धोतर धरून पुढं उभा राहायचं सोडून हा मागं काय करत होता? विचारलं तर म्हणाला, पानी पीत हुतो.

पण गडबडून जाणारा मी नाही. एकाचा उपाय सोपा आहे. निगेटिव्ह उलटी घालून छापायची. माणूस आपोआप उजवीकडं बघेल. हे पुस्तकातही नाही. हे मला सुचलं.

दुसऱ्याचा उपाय रिटचिंग.

१७ मार्च, होळी

सबंध आठवडा रिटचिंग. मागचं दार घालवलं. कृष्णातला ब्लेडनं हळूहळू खरवडला, प्रिंटवर तो काळाठिक्कर होईल. अंजनाला खरवडताना वाईट वाटलं. पण फोटो तिच्या बापाचा आहे. आता मागं सगळा अंधार येईल, गंभीर. त्या अंधारातून डोकं सुटून दिसावं म्हणून डोक्याभोवती पेन्सिलीनं हलकं तेज ठेवलं. गालावरच्या सुरकुत्याही काढल्या. सुभेदार कसे शांत दिसतायत. इतके शांत ते घरी कधी दिसले नाहीत.

आईनं निगेटिव्ह उजेडात धरून बघितली. म्हणाली, ह्ये कुनाचं भूत? मी सांगितलं की निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं.

अंजनाच्या घरची पुरणपोळी आली. कृष्णातनं आणली. तिकडं तो सकाळीच माझ्याबद्दल बोलायला गेला होता. किती करतो माझ्यासाठी.

२५ मार्च, सांगली

फोटो मोठा करून घ्यायला आप्पासोंकडं आलो. हाच तो सांगलीचा फोटोग्राफर. आप्पासोंच्या शोकेसमध्ये नवरा-नवरीच्या जोड्या, सगळ्या मधोमध. मनातल्या मनात हसलो.

उलटी छापा म्हणालो. आप्पासोंनी विचारलं, नक्की? म्हणालो, नक्की. त्यांनी पुन्हा विचारलं, गड्या, मानूस उलटा व्हईल की. म्हणालो, माणूस सुलटाच राहतो, फक्त नजर फिरते. ते म्हणाले, तुजी मर्जी. जुन्या वळणाची माणसं, नवीन कल्पना दिसली की चाचरतात. चौकटीसाठी काळं लाकूड निवडलं. रुंद.

कृष्णातलाही बरोबर आणणार होतो, पण त्याचं अंग दुखत होतं. पुलावरून नदीचे दोन फोटो घेतले. नदी एक तृतीयांशातच राहते, समजूतदार आहे.

३ एप्रिल, पाडवा

चौकट पोचली. कुणालाही दाखवली नाही. कृष्णात म्हणाला, मला तरी दाव. त्यालाही नाही. आश्चर्य हे आश्चर्य राहिलं पाहिजे. उद्या सगळ्यांसमोरच पडदा सरेल.

नवा कोट इस्त्री केला. सुभेदार काय देऊ म्हणतील तेव्हा कसं खाली बघायचं याची आरशापुढं तालीम केली. तीन चतुर्थांश वळून खाली बघितलेलं चांगलं दिसतं.

४ एप्रिल, सकाळ

निघालो. आयुष्य आजपासून दोन भागात.

४ एप्रिल, संध्याकाळ

झाला सत्कार. डोकं शांत ठेवून क्रमानं लिहितो.

हॉल गच्च. पुढच्या रांगेत पेन्शनर शिपाई, सगळे मेडलं लावून. मुख्याध्यापकांनी दोरी ओढली. पडदा सरला. एकदम शांतता. मला वाटलं, पोचलं! मग पुढची सगळी रांग उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं खाडकन सलाम ठोकला. मी पाठीमागून मान लववली.

मग रंगूबाई, म्हणजे अंजनाची आई, तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. अशी दाद मी कधी बघितली नव्हती. शाळेचा शिपाई ठरल्याप्रमाणं पुढं झाला आणि त्यानं फोटोला हार घातला. कुणीतरी भक्तिभावानं उदबत्तीही लावली. काळ्या रुंद चौकटीत, मागं अंधार, डोक्याभोवती तेज, चेहरा शांत, गळ्यात हार. तेव्हा माझ्याही मनात काहीतरी किंचित हललं.

सुभेदार खुर्चीवरून उठले. फोटोपुढं गेले. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. डावीकडं. मग फोटोतल्या छातीवर ठेवला. उजवीकडं. त्यांनी वळून विचारलं, लालासाहेब, ही कुनाची मेडलं घातल्यात मी? कोन मेलंय?

मी कॉम्पोझिशन सांगायला सुरुवात केली. वाचताना नजर डावीकडून उजवीकडं जाते, इथपर्यंत आलो. त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला, उदबत्ती विझवली आणि म्हणाले, मी लढलो त्ये मी लढलो, मेलेल्या मानसाच्या नावावर घालू नगं.

काय देऊ, असं त्यांनी विचारलं नाही. तालीम फुकट.

५ एप्रिल

शांतपणे विचार केला. वाद झाला म्हणजे दखल घेतली गेली. सामान्य फोटोवर कुणी रडतं का? रात गेली की राग जातो. फक्त आता आईनं लगेच नारळ घेऊन जाऊ नये. आठ-पंधरा दिवस थांबावं.

आई म्हणाली, मी जात न्हवतेच.

कृष्णातला सुभेदारांकडं पाठवलंय. शिपायाचं शिपाई ऐकेल.

१२ एप्रिल

कृष्णात रोज जातोय. सकाळी जातो, जेवायच्या वेळेला येतो. कधी कधी तिथंच जेवतो. म्हणाला, राग उतराय लागलाय. आज निघताना त्यानं माझ्याकडनं सुभेदारांच्या फोटोची निगेटिव्ह मागून घेतली. दुसऱ्या बैठकीतली, जी मी साधी म्हणून बाजूला टाकली होती. दिली. त्याला आठवण म्हणून हवी असेल.

गावातली पोरं मी दिसलो की उजव्या छातीवर हात ठेवतात. दुर्लक्ष.

१८ एप्रिल

हॉलमध्ये नवा फोटो लागला. कृष्णात त्या साध्या निगेटिव्हवरून सांगलीला सुलटा छापून घेऊन आला. सुभेदार मधोमध. मेडलं डावीकडं. मागं दार, खांब, कोंबड्यांचं डालगं, सगळं जसंच्या तसं. कलेच्या दृष्टीनं शून्य. सुभेदार म्हणे फोटोपुढं उभे राहून पोटभर हसले.

म्हणजे राग गेला. माझ्याच निगेटिव्हनं गेला. योजना परत रुळावर.

२२ एप्रिल

ज्ञानूमामा कुंडलहून आला! नवा फेटा, मिशीला तेल, हातात नारळ! कोपराचा राग गेला एकदाचा. मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. आई आणि मामा दोघं सुभेदारांकडं गेलेत. आईनं नवं लुगडं नेसलंय. ती जात न्हवतेच म्हणाली होती, पण आईचं मन आहे.

कृष्णात कुठं दिसत नाही. मी इस्त्रीचा कोट घालून बसलोय, बोलावणं आलं तर. पाय जमिनीवर ठरत नाहीत. मुंडावळ्या बांधलेला फोटो कोण काढेल? आप्पासोंनाच सांगावं लागेल, पण कॉम्पोझिशन मी सांगीन.

ते आले. पुढं लिहितो.

२३ एप्रिल

काल लिहायचं राहिलं.

अंजना कृष्णातला दिली. बारा मेला लग्न.

आई माझ्याशेजारी बसली होती बराच वेळ. म्हणाली, आरं लाला, समद्या गावाला दिसत हुतं. मला वाटलं, तुला बी दिसत आसंल, तू तर रोज त्येंचे फोटू काढत हुतास.

कृष्णात आला. रडला. म्हणाला, मी किती येळा सांगायला बगितलं, तू म्हनायचास ऊन चाललंय. हे खरं आहे. ऊन खरंच चाललं होतं.

संध्याकाळी बिस्किटाचा डबा काढला. अंजनाचा दारातला फोटो ठेवला आणि त्याची कापलेली पट्टी त्याच्या डाव्या अंगाला जुळवून लावली. ती हसतेय आणि कृष्णातकडं बघतेय. धोतर ताणून तो तिच्याकडं बघतोय. दोघांच्या मधून कात्री गेलीय. कापलं होतं ते फार सरळ कापलं होतं, जोड दिसतही नाही.

एकूण मला वाईट वाटतंय. खूप. इथं लिहायला हरकत नाही.

२ मे

कृष्णातनं विचारलं की लग्नात फोटो तू काढशील का. सुभेदार म्हणाले, त्येला नगं, आप्पासोला सांगितलंय. मी म्हणालो, ठीक आहे, मलाही फोटोत यायचंय.

कॅमेरा कृष्णातला परत देत होतो. घेतला नाही. गुऱ्हाळ संपलंय, बांधावर काम आहे. सकाळी बांधावर उभं राहून उसाकडं बघितलं. दोन्ही कडांनी ऊस, मध्ये पाट.

१२ मे

लग्न लागलं. अंजना छान दिसत होती. मला वाढताना म्हणाली, भावजी, आनि एक पोळी घ्या. घेतली.

आप्पासोंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणालो की नवरा-नवरी जरा डावीकडं घेतली तर. ते म्हणाले, गड्या, तू जरा उजवीकडं सर. सरलो. अजून थोडं म्हणाले. सरलो.

२६ मे

फोटो आला. मोठा, पुठ्ठ्यावर लावलेला.

कृष्णात आणि अंजना बरोबर मधोमध. रेघेवर कुणीच नाही. सुभेदार आहेत, मेडलं डावीकडं. रंगूबाई हसतायत. ज्ञानूमामा नव्या फेट्यात आहे, दोन्ही कोपरांसकट. आई आहे. डाव्या कडेला कुणाची तरी म्हैस.

उजव्या कडेला मी होतो. कड सरळ करताना आप्पासोंनी थोडं कातरलंय. माझं कोपर आलंय. नव्या कोटातलं.

आई म्हणाली, आप्पासोला सांगून दुसरा काढून घे, त्या काळ्या फिलमीत आसशील की तू.

फूटपट्टी लावून बघितलं. कात्री डावीकडं नेली असती तर मामा तुटला असता. उजवीकडं नेली असती तर माझ्या मागचा उकिरडा आला असता. मीही तिथंच कापलं असतं. तसं आईला सांगितलं.

भिंतीच्या मधोमध खिळा ठोकला आणि फोटो लावला.